पुढच्या आठवड्यात या!

फोर्टमधल्या एका मध्यम आकाराच्या कचेरीत मी व्यवस्थापक झालो, तेव्हा मला तीन गोष्टी मिळाल्या : काचेचं दार असलेली खोली, फिरती खुर्ची आणि न बोलावता येणारी माणसं. पहिल्या दोन गोष्टींचं कौतुक महिनाभरात ओसरलं. तिसरी मात्र निवृत्तीच्या दिवसापर्यंत पुरली.

ही माणसं म्हणजे फिरते विक्रेते. कुणी टाइपरायटरच्या फिती घेऊन येई, कुणी फायली, कुणी पंखे. एक गृहस्थ झुरळं मारण्याचा वार्षिक करार घेऊन आले आणि बोलता बोलता माझ्याच टेबलाखाली वाकून त्यांनी मला पुरावाही दाखवला! माणसं वाईट नसत; पण प्रत्येकी दहा मिनिटं धरली, तरी सहा जणांत एक तास खलास. आणि त्या तासाचा जाब वरचे साहेब मला विचारणार, त्यांना नाही.

तेव्हा यांना टाळायचं कसं, हे शास्त्र प्रत्येक साहेब आपापल्या परीनं घडवतो. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हा या शास्त्राचा पहिला धडा. तो प्रत्येक शिपायाला पाठ असतो. शेजारच्या कचेरीतल्या माझ्या एका मित्रानं खोलीत दुसरी खुर्चीच ठेवली नव्हती. त्याचं म्हणणं, उभा माणूस लवकर आटोपतो. दुसरा एक मित्र कुणी आत आलं, की टेलिफोन कानाला लावून जोरजोरात बोलू लागे. एकदा त्याचं हे संभाषण रंगात आलं असताना समोरचा विक्रेता गालांतल्या गालांत हसू लागला. फोन दोन दिवस बंद पडला आहे, हे त्याला बाहेरच्या बाकावर शिपायानं आधीच सांगितलेलं होतं!

माझी युक्ती या सर्वांहून गोड होती. मी कुणालाही परतवत नसे. हसून म्हणे, “छान आहे. पुढच्या आठवड्यात या.” समोरचा खूश, मी मोकळा. आपण किती सुसंस्कृत आहोत, असं मला मनातून वाटत असे.

1991 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. देशाची दारं परदेशी मालाला उघडू लागली होती, ती याच साली. आमच्या कचेरीच्या दारात मात्र कार्बन पेपर विकणारा एक पोरसवदा मुलगा उभा होता. डोंबिवलीहून येई. अंगावरचा शर्ट भिजलेला, पण पोटाशी धरलेली बॅग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोरडी ठेवलेली. माल चांगला होता. पण आमचा कार्बन पेपरचा वर्षाचा करार एप्रिलमध्येच जुन्या दुकानदाराशी झाला होता. पुढच्या मार्चपर्यंत एक ताव घेणंही शक्य नव्हतं. हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. तरीही मी हसून म्हणालो, “पुढच्या आठवड्यात या.”

तो आला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही आला. दर खेपेला नमुन्याचे दोन-चार ताव ठेवून जाई. ते आमच्या टायपिस्टबाई वापरीत आणि म्हणत, “अक्षर कसं सुबक उमटतं!” जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यानं नऊ खेपा घातल्या.

त्याच सुमारास आमची थोरली मुलगी बी. कॉम. होऊन नोकरीला लागली. नोकरी कसली, तर झेरॉक्सची यंत्रं विकण्याची! अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत ती दिवसभर दारोदार फिरे. एका संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या आणि गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली. टाचांना फोड आले होते.

“लोक फार तोडून बोलतात का गं?” मी विचारलं.

“तोडून बोलणाऱ्यांचं काही वाटत नाही, बाबा,” ती म्हणाली. “नाही म्हणाले, की डायरीत रेघ मारायची आणि पुढचं दार गाठायचं. पण ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात ना, त्यांचं नाव डायरीत तसंच राहतं. दर सोमवारी आमचे साहेब विचारतात, त्याचं काय झालं? मग पुन्हा बसभाडं, पुन्हा ते बाकावर बसणं. शेवटी साहेबांना वाटतं, मलाच विकता येत नाही. तुम्हीच सांगा, घ्यायचं नसतं तर बोलावतात कशाला?”

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वाचलं काहीच नाही.

त्या आठवड्यात मी त्या मुलाची वाट पाहिली. करार मार्चमध्ये संपतो, तेव्हा या, एवढंच त्याला सांगायचं होतं. तो आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, “तो नाही आता यायचा, साहेब. मागल्या खेपेला तुम्ही खरंच मीटिंगमध्ये होता. तासभर बाकावर बसला, मग डायरीत कायतरी खोडलं आन् गेला.”

त्या दिवाळीनंतर आमच्या दारावर एक पाटी लागली : ‘विक्री-प्रतिनिधींनी बुधवारी 3 ते 4 या वेळात भेटावे.’ डॉक्टरमंडळी औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना अशीच वेळ ठरवून देतात, तिथूनच मी ही कल्पना उचलली. येणाऱ्याला खुर्ची आणि पाणी. प्रश्न दोनच : काय आणलं आहे? आम्ही सध्या वापरतो त्याहून ते वेगळं कसं? घ्यायचं नसेल, तर तिथल्या तिथे ‘नको’ आणि त्याचं कारण. पुढे केव्हा घेण्याचा संभव असेल, तर महिना सांगायचा आणि तो आपल्याही डायरीत लिहून ठेवायचा. दिवाळीची भेटवस्तू कुणाकडूनही घ्यायची नाही. रोजचा तास जात होता तो आठवड्याचा एक झाला, आणि ‘नको’ ऐकून जाणारी माणसं चक्क आभार मानू लागली!

पण कबूल करतो, तो ‘नको’ शब्द जिभेवर बसायला मला वर्ष लागलं. आपल्याकडे तांदूळ संपले तरी ‘वाढले’ म्हणायचं, निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचं. नकार अशुभ, असंच आपण आईच्या मांडीवर शिकतो. घरात ते शोभतंही. पण ज्याचं पोट आपल्या होकारावर अवलंबून आहे, त्याला खोट्या होकारावर झुलवण्यात कसलं आलं आहे सौजन्य? ते सौजन्य मी स्वतःवरच करीत होतो. वाईटपणा मला नको होता, म्हणून त्याचे पाय झिजत होते.

आता कार्बन पेपर गेले, टाइपरायटर गेले, मीही त्या खुर्चीतून कधीच उठलो. आमच्या सोसायटीच्या फाटकावर ‘विक्रेत्यांना मनाई आहे’ अशी पाटी आहे. विक्रेते आता टेलिफोनमधून येतात. नको असलेल्या फोनांसाठी 2007 साली सरकारी नोंदवही निघाली, 1909 हा क्रमांकही मिळाला. तरी भर दुपारी कुणी मुलगी कर्ज देऊ करतेच. मुलगा म्हणतो, “बाबा, फोन सरळ कापून टाका.” मी कापत नाही. ‘नको, बाई’ एवढंच म्हणतो आणि मगच ठेवतो. तिच्याही यादीत कुठेतरी एक रेघ मारली जात असेल.

या दिवाळीत तुमच्या दारी कुणी उदबत्त्या, पणत्या घेऊन आलं, तर घ्यायच्या असल्यास घ्या, नसल्यास नको म्हणा. पण ‘पुढच्या आठवड्यात या’ असं मात्र म्हणू नका. तो बिचारा खरोखरच येतो!