मध्यरात्रीचे टपाल आणि डाकोटाच्या छतातील झडप

आजचा धागा नागपूरच्या मध्यरात्रीविषयी आहे. पण सुरुवात भंडाऱ्यापासून करणे बरे. नकाशावर नागपूर आणि कोलकाता यांना जोडणारी सरळ रेषा ओढली, तर ती वैनगंगा ओलांडत भंडारा जिल्ह्यावरून जाते. खाली भंडारा रोड स्थानकातून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग, आणि वर, १९४९ नंतरची कित्येक वर्षे, रात्रीच्या टपाल-विमानांची हीच दिशा.

ही सेवा ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झाली. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांचा तिच्यासाठी आग्रह होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडण्यापूर्वी विमाने पुन्हा मार्गस्थ होत. देशाच्या मध्यावर असण्याचा अर्थ नागपूरला शून्य मैलाच्या स्तंभापेक्षा या थैल्यांनीच अधिक नेमका समजावला असावा.

विमाने होती डाकोटा. दुसऱ्या महायुद्धात सैनिक व माल वाहून नेलेली, युद्धानंतर नागरी सेवेत आलेली. त्यांची रचना समजून घेतली, की पुढची गोष्ट आपोआप उलगडते. वैमानिकांची जागा अगदी पुढे. तिच्या मागे लागलीच सामान व टपाल ठेवण्याचा कप्पा, त्यातून जाणारी अरुंद वाट, मग प्रवाशांची आसने, आणि मुख्य दरवाजा थेट शेपटीजवळ. इंधनाच्या टाक्या दोन्ही पंखांच्या मधल्या भागात, म्हणजे प्रवासी बसत त्या जमिनीच्या खालीच. विमान कोसळून पेटले, तर वैमानिक आणि दरवाजा यांच्यामध्ये प्रथम माल आणि मग आग. म्हणून वैमानिककक्षाच्या छतात एक झडप ठेवलेली असे. त्याखेरीज बाजूच्या सरकत्या खिडक्या, एक कुऱ्हाड आणि हाताने चालवायचे अग्निशामक नळकांडे. सुटकेची साधने एवढीच.

१ ऑगस्ट १९५३ रोजी विमानसेवांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स अस्तित्वात आली. त्यानंतर पाच महिनेही उलटले नव्हते. १२ डिसेंबर १९५३ रोजी अंधारातच सोनेगावहून मद्रासकडे निघालेल्या टपालसेवेच्या डाकोटाचे एक इंजिन उड्डाणानंतर लगेचच बंद पडले. विमान जमिनीवर आदळले आणि पेटले. टपालाबरोबर या विमानांतून प्रवासीही नेले जात. त्या दिवशी विमानात १४ जण होते. १३ मृत्युमुखी पडले. वाचला तो केवळ मुख्य वैमानिक. त्याच्यासोबत उड्डाणाची जबाबदारी वाहणारे सहकारीही गेले. कक्ष तोच, झडपही तीच. छतात वाट ठेवणे आणि आदळल्यानंतरच्या काही क्षणांत माणूस तिच्यापर्यंत पोहोचणे, यांत केवढे अंतर असते!

पुढे मालवाहू विमाने वाढली आणि उंचही झाली. बोइंग ७५७ सारख्या विमानात वैमानिकाने कक्षाची खिडकी उघडायची आणि दोर बाहेर सोडून खाली उतरायचे. बोइंग ७४७ चा वैमानिककक्ष जवळजवळ तीन मजले उंच. तेथे छताच्या झडपेपाशी तारेची फिरकी असते. तिची मूठ घट्ट धरून बाहेर पडले, की माणसाच्याच वजनाने तार उलगडते आणि फिरकी तिचा वेग आपोआप रोखून धरते. कागदावर हे सोपे वाटते.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू ७४७ मध्ये आग लागली. मालात लिथियमच्या बॅटऱ्या होत्या. कक्षात एवढा धूर दाटला, की समोरची उपकरणे दिसेनात. दोन्ही वैमानिक प्राणास मुकले. म्हणूनच अशा वैमानिकाच्या हाताशी सर्वप्रथम असावा लागतो तो प्राणवायूचा मुखवटा आणि धुरापासून डोळे वाचवणारा चष्मा. दोराची व फिरकीची पाळी विमान जमिनीवर थांबल्यानंतरची.