गेरू आणि चुना

वऱ्हाडातील आसेगावात दिवाळीचे वेध लागले होते. एका घरी मात्र माजघराच्या रंगावरून दोन पक्ष पडले होते. भिंतीला गेरू लावावा की चुना? धाकट्या नातवाचा कौल गेरूला होता. गेरू म्हणजे लोखंडाच्या अंशाने तांबडी झालेली माती. अजिंठ्याच्या चित्रकारांनी सुमारे १५०० वर्षांपूर्वी हीच माती वापरली, असे त्याने शाळेत ऐकले होते. शिवाय तांबड्या भिंतीवर चुलीच्या धुराचे डाग चटकन दिसत नाहीत. हा मुद्दा काही अगदीच पोरकट नव्हता! “त्याच्या मनासारखं होऊ द्या,” असे म्हणून आजीनेही त्याचीच बाजू घेतली.

वडिलांनी कळीचा चुना आणला होता. पाणी पडताच तो फसफसला, खदखदला, वाफा सोडू लागला. निवल्यावर तो गाळून त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घातली. पांढरे अधिक पांढरे दिसावे म्हणून निळे घालायचे, ही गंमतच नव्हे का? वाद मिटावा म्हणून एका भिंतीला गेरू आणि समोरच्या भिंतीला चुना लावला. ओला चुना मळकट दिसत होता. “हा कसला पांढरा!” नातू हसला. पण चुन्याचे तेज सुकल्यावरच कळते.

दोन दिवसांनी, दिवेलागणीला, आजी गोधडी घेऊन गेरूच्या भिंतीशी बसली. सुईत दोरा ओवताना तिचा हात दोनदा चुकला. नातू पाहतच राहिला. टाकेही ती बोटांनी चाचपून घालत होती. केव्हापासून? त्याने कधी विचारलेच नव्हते.

“आजी, इकडं बस.” त्याने तिचा पाट चुन्याच्या भिंतीशी सरकवला. दिवा तोच होता. पण तांबडी भिंत त्याचा बराचसा प्रकाश गिळून टाकत होती. पांढरी भिंत तोच प्रकाश परत उधळत होती. म्हाताऱ्या डोळ्यांना उजेड अधिक लागतो. तिसऱ्या खेपेला दोरा नेढ्यातून पार झाला.

“दिसलं रे बाप्पा!” आजी म्हणाली.

सकाळी नातवाने आपण होऊन कुंचला उचलला आणि गेरूवर चुना ओढला. पहिल्या हाताने भिंत नुसती गुलाबी झाली. तिसऱ्या हातानंतर कुठे ती पांढरी दिसू लागली. उरलेल्या गेरूचा वीतभर पट्टा तेवढा त्याने जमिनीलगत काढला.

“अजून दोन बोटं वर घे,” गोधडीवरची नजर न काढता आजी म्हणाली.