आहेरात आलेली बचत

काटकसर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. ज्यांच्याजवळ काही शिल्लक उरते त्यांचा तो शब्द. आमचे आबा बाजार समितीत हमाल, आई दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणारी. हाती येते ते महिन्याच्या वीस तारखेलाच संपते, तेव्हा कात्री लावायची तरी कशाला? तरीही गेल्या काही वर्षांत आमच्या घराने बऱ्यापैकी पैसा वाचवला. गंमत अशी की, पैसे वाचावेत म्हणून मुद्दाम आणलेल्या एकाही वस्तूने तो वाचवला नाही. बाजारातून स्वस्तात आणलेली छत्री मृगातच उलटी झाली, स्वस्तातल्या चपलांचा अंगठा पंधरा दिवसांत तुटला. पैसा वाचवला तो लोकांनी आमच्या गळ्यात मारलेल्या वस्तूंनी.

हे मला कसे कळले ते सांगतो. गेल्या वर्षी माझ्या प्रवेशाची फी भरायची वेळ आली तेव्हा आईने ज्वारीच्या कणगीमागून एक डबा काढला आणि सगळी रक्कम आबांच्या हातावर ठेवली. आबांनी ती दोनदा मोजली. त्यांना आनंदापेक्षा कोडेच जास्त पडले. हमाली तेवढीच, रोज तेवढाच, मग हे आले कुठून? मला म्हणाले, “तू अर्थशास्त्र घेतलंयस न्हवं? मग ह्याचा हिशेब लाव.” आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला, त्यामुळे अर्थशास्त्र म्हणजे घरातल्या डब्याचा हिशेब लावण्याचे शास्त्र, अशी आबांची समजूत आहे. ती अगदीच चुकीची आहे असे मला वाटत नाही. मी वही घेऊन बसलो.

पहिली वस्तू कुकर. घरकुलाच्या दोन खोल्या पुऱ्या झाल्या तेव्हा वास्तुशांतीला आहेरात दोन कुकर आले. एक आईने लगेच पुढच्या लग्नात आहेर म्हणून फिरवला. आमच्याकडे आहेर असाच गावभर फिरत असतो. दुसरा वर्षभर फळीवर बसून राहिला. “शिट्टी वाजली की काळीज उडतंय,” असे आईचे म्हणणे. शेवटी धाकट्या मावशीने एकदा मुक्कामाला येऊन तो चालवून दाखवला. पातेल्यात तूरडाळ शिजायला तासभर लागायचा, ती वीस मिनिटांत लोण्यासारखी झाली. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही, कितीही जाळ लावा. झाकण घट्ट बसले की वाफ कोंडते, दाब वाढतो आणि तेच पाणी एकशे वीस अंशांच्या आसपास जाते, एवढीच त्यातली मेख. देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये असले भांडे बनवले होते, ते हाडे मऊ करण्यासाठी! आमच्या घरी त्याने गॅस वाचवला. १४.२ किलोचे सिलिंडर पूर्वी चाळीस दिवस जायचे, ते आता पंचावन्न दिवस जाते. म्हणजे वर्षाला नऊ लागायची, तिथे सात पुरतात. वहीत पहिली नोंद झाली.

दिव्यांचे थोडक्यात सांगतो. २०१५ साली सरकारच्या उजाला योजनेत वीजबिल दाखवले की एलईडी दिवे कमी दरात मिळू लागले, तेव्हा आत्याच्या यजमानांनी आम्हांलाही दोन घ्यायला लावले. आबांना ते पटले नव्हते. हा एवढासा ९ वॉटचा दिवा काय उजेड पाडणार? पण ६० वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट खातो, हा दीड युनिटही खात नाही. दोन दिव्यांचे मिळून पंधरा युनिट वाचले. शिवाय शंभर युनिटांच्या पुढचा दर बराच चढा असतो, आणि आमचे बिल उन्हाळ्यात नेमके त्या उंबरठ्यावर लोंबकळत असे. ते अलीकडेच राहू लागले.

खरी वस्तू तिसरी. २०१८ साली आत्याने नवे मशीन घेतले आणि आपले जुने पायमशीन आईला दिले. ‘दिले’ म्हणजे ‘घेऊन जा’ म्हणून सांगितले. ते आणायला टेम्पोचे सहाशे रुपये पडले, त्यावरून आबा आठवडाभर बोलत होते. चामड्याचा पट्टा तुटलेला, बॉबिनच्या डबीत गंज. आईने नवा पट्टा घातला, तेल सोडले, आणि चार दिवस नुसत्या जुन्या धोतराच्या तुकड्यावर सरळ शिवण मारत बसली. तिला शिवण कुणी शिकवले नव्हते. तिने आमचे जुने कपडे उसवून पाहिले आणि जसे उसवले तसे परत जोडले; हीच तिची शिकवणी.

मग घरात फेकायची गोष्टच राहिली नाही. शर्टाची कॉलर झिजली की ती उसवायची, उलटी करायची आणि चांगली बाजू वर आणून पुन्हा शिवायची. आबांचे दोन शर्ट असे प्रत्येकी दोन-दोन वर्षे जास्त जगले. माझी विजार धाकट्याला आखूड करून, लुगड्याचे पडदे, पडद्यांची उशीची खोळ, आणि खोळ विरली की ती वाकळीच्या पोटात. त्याच साली जूनमध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवरील बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. तालुक्याच्या एका किराणा दुकानदाराने कापडी पिशव्या शिवून मागितल्या. सरकारी हुकुमाचा आमच्या घराला झालेला एवढा थेट फायदा मला दुसरा आठवत नाही. तो जोर दोन वर्षांत ओसरला, पण डब्यात पैसे पडू लागले ते तेव्हापासून.

मी हे सारे मोठ्या ऐटीत आईला वाचून दाखवले. वाचलेली शिलाई इतकी, न घेतलेले कपडे इतके, पिशव्यांचे इतके. ती पायमशीनवरच बसली होती. मान वर न करता म्हणाली, “आन् माझं तास कुठं लिवलंस?”

ते मी लिहिले नव्हते. लिहायचा रकाना कोणत्याच पुस्तकात मला दिसला नव्हता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणात आम्हांला शिकवले आहे की घरातले विनामोबदला काम त्यात धरत नाहीत. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तिचे आकडे सरांनी वर्गात सांगितले होते: घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे. तेव्हा मी ते आकडे पेपरात येतील म्हणून पाठ केले होते. आता घड्याळ लावून पाहिले. आई सहाला रानातून येते, स्वयंपाक-भांडी आटोपून नऊला मशीनवर बसते आणि अकराला उठते. त्या दोन तासांना तिच्या रानातल्या रोजाचा दर लावला तर डब्यातली रक्कम ‘वाचलेली’ राहतच नाही. ती सरळसरळ कमावलेली ठरते. मी वहीतले ‘बचत’ हे शीर्षक खोडून टाकले, पण त्या जागी काय लिहायचे हे अजून ठरत नाही. आबांनी ते पान पाहिले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रात्रीची भांडी ते घासतात. शेजारी कुणी आले की मात्र उठून हात पुसतात.

राहिले केस कापायचे यंत्र. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि केशकर्तनाची दुकाने बंद झाली. ती राज्यात २८ जूनपासून उघडली, तेव्हाही परवानगी फक्त केस कापण्याला होती, दाढीला नव्हती. त्या तीन महिन्यांत आमच्या घरात तीन साधू तयार झाले. दिवाळीला मामाने पिंपरीहून चार्जिंगचे यंत्र आणून दिले. तेव्हापासून मी धाकट्याचे कापतो, तो माझे. प्रत्येकी सत्तर रुपये धरले तर तिघांचे महिन्याला २१० आणि वर्षाला २,५२० रुपये होतात. कुकरपेक्षाही देखणी नोंद!

पण आबांचे ७० मला त्यातून वजा करावे लागले. ते यंत्राला डोके देतच नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गावातल्या दुकानात जाऊन बसतात, केस असोत वा नसोत. मी त्यांना आकडे दाखवले तर म्हणाले, “समद्यांनी घरीच भादरलं तर त्यानं खायाचं काय? त्याचा बाप माझ्या बापाची दाढी करायचा आन् खळ्यावरनं दाणं न्यायचा. आता दाणं न्हाईत, तर पैसं तरी नगंत?” केन्सने १९३६ सालच्या आपल्या ग्रंथात हेच मांडले आहे: एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत असते आणि सगळ्यांनी एकदम हात आखडला तर कुणाचेच भले होत नाही. आबांनी केन्स वाचलेला नाही, आणि केन्सला सत्तर रुपयांत डोक्याचे तेलमालीश कुठे मिळाले असणार! मी अजूनही धाकट्याकडूनच केस कापून घेतो. त्या दुकानावरून जाताना मात्र रस्त्याची पलीकडची बाजू धरतो, कारण दुकानातल्या काकांची नजर आधी माझ्या डोक्याकडे जाते आणि माझी मान धाकट्याने कशी वेडीवाकडी भादरली आहे ते त्यांना रस्त्यावरूनही दिसते.

परवा मामाचा फोन आला. यंदा काय आणू, असे विचारत होता. आईने पहिल्यांदाच काही मागितले: मशीनला मोटर. गुडघे दुखतात म्हणाली. मी लगेच काढून पाहिले. मोटर १०० वॉटची, रोज दोन तास, म्हणजे महिन्याला ६ युनिट. मागच्या महिन्याचे आमचे बिल ८३ युनिटांचे होते.