आंजर्ल्याहून केळशीस, पायीं

समुद्रकांठानें पायीं जावयाचें, तर घड्याळाआधीं तिथि पाहावी, असा आमच्या घरच्या वडील माणसांचा दंडक आहे. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. तींत सहा तास मिळविले कीं ओहोटीची. चंद्र रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां उगवतो आणि समुद्रहि त्याच्या मागोमाग तितकाच रेंगाळतो, हें या हिशेबाचें मर्म. माघ वद्य पंचमीस जाण्याचें ठरलें, तेव्हां काकांनीं पंचांग न उघडतांच सांगितलें, "पांचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेदहास पुरी ओहोटी. त्या सुमारास आड्याच्या खाडीशीं असा. उशीर झाला तर मुकाट्यानें पुलावरून जा." पूल नव्हता त्या काळीं काका शाळकरी वयांत ही खाडी पायीं ओलांडीत. त्यामुळें पुलाचें नांव काढलेलें आम्हांस थोडें झोंबलेंच.

आम्ही तिघे भाऊ व १२ वर्षांचा पुतण्या पहाटे प्रथम कड्यावरच्या गणपतीस गेलों. मूर्ति उजव्या सोंडेची. देवळाबाहेर आलें कीं दक्षिणेस हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग समुद्रांत बसलेला दिसतो, आणि खालीं जोग नदीची खाडी. हर्णैहून येणारा पूर्वीं ही खाडी होडीनें ओलांडी; आतां तेथेंहि पूल आहे. असल्या ठिकाणीं बसलें कीं उठवत नाहीं. किल्ल्यावर ऊन पडूं द्या, मग चहा होऊं द्या, असें करतां करतां नऊ वाजले. हिशेब कोणास आठवला नाहीं असें नाहीं. पण खाडी कोठें पळून जाते!

आंजर्ल्याच्या पुळणीवर समुद्री कासवें अंडीं घालतात. तीं जाळीच्या कुंपणांत राखून ठेवतात व पिलें निघालीं म्हणजे समुद्रांत सोडतात. पुतण्या त्या कुंपणापासून हलेना. पुढें पाडल्याची पुळण. कोरड्या वाळूंत पाय रुततात, म्हणून आम्ही पाण्याच्या कडेनें चाललों. ती कड आम्हांस हळुहळू वर ढकलीत आहे, हें कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं.

खाडीशीं पोंचलों तों पाणी समुद्राकडून आंत शिरत होतें. मासळी वाळत घालणारी एक म्हातारी म्हणाली, "दादा, पानी चढतंय, पुलावरनं जावा." समोरचा कांठ हाकेच्या अंतरावर! आम्ही चपला हातांत घेऊन उतरलों. पाणी आधीं गुडघ्याइतकें, मग एकाएकीं कमरेपर्यंत आलें. पौर्णिमेस पांचच दिवस झालेले. उधाणाचा जोर ओसरला नव्हता. तळपायांखालची वाळू निसटूं लागली. पुतण्याचा पाय सुटला आणि तो आडवा वाहूं लागला. धाकट्या भावाच्या हातीं त्याचें मनगट लागलें, म्हणून बरें. फराळाचें गांठोडें मात्र खाडीनें घेतलें. आम्ही आल्या पावलीं परतलों. म्हातारी कांहीं बोलली नाहीं. तिनें मुलास आपलें कोरडें लुगडें पांघरावयास दिलें.

मग पुलावरून गेलों, उटंबरची टेकडी ओलांडली आणि उन्हें कलतांना केळशीच्या महालक्ष्मीसमोर चौघेहि कांहीं न बोलतां बसून राहिलों.

घरीं हें सांगावयाचें नाहीं असें ठरलें होतें. पुतण्यानें पहिल्याच रात्रीं काकांस सर्व सांगितलें. काकांनीं आम्हांस बोलावून इतकेंच विचारलें, "खाडींत उतरलां तेव्हां किती वाजले होते?"

"सव्वा अकरा."

त्यांनीं चष्मा काढला, आणि पुतण्यास आपल्याजवळ निजावयास घेतलें.