पावतीवर नसलेली माणसं

वरळीच्या बीडीडी चाळीतली आत्याची खोली पाडायला निघाली, तेव्हा घरातला सगळ्यात मोलाचा कागद ठरला तो भाड्याच्या पावतीचा. पावतीवर आत्याच्या सासऱ्यांचं नाव. त्या नावामुळे नव्या इमारतीत पाचशे चौरस फुटांचं घर मिळालं, आणि ते हक्काचंच होतं. एकशे साठ फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसांना कोणी चाळीच्या आठवणींचं कौतुक ऐकवू नये. मला रुखरुख आहे ती वेगळीच. त्या खोलीत राहून गेलेली बहुतेक माणसं कुठल्याच पावतीवर नव्हती.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट १९२० साली निघालं, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी. तळमजल्यावर तीन मजले, चाळीला ऐंशी खोल्या, संडास सामाईक. गिरण्यांपासून लांब म्हणून वरळीच्या कितीतरी खोल्या आधी ओसच होत्या. सविनय कायदेभंगात सरकारने तिथल्या काही चाळींचा तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या खोल्यांत असे आधी सत्याग्रही राहून गेले.

मग गावाकडचे गडी आले. आत्याने सासऱ्यांकडून ऐकलेलं असं, की खोली एकाच्या नावावर आणि राहणारे दहा-बारा, सगळे चिपळूणच्या बाजूचे. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी वळकटी पसरायचा. ज्याची त्याची ट्रंक, भाड्यात वर्गणी, जेवण खानावळवालीकडे आणि उरलेल्या पैशांची गावी मनीऑर्डर. कोणाला ताप आला तर पाळीवरून आलेला माणूस झोप मोडून पेज करायचा. अशा खोलीला घर म्हणायला लोक कचरतात, कारण तिथे बाई नाही, मूल नाही. मला ते पटत नाही. कोकणातल्या कितीतरी चुली त्या वळकट्यांवर पेटत होत्या.

आत्या लग्न होऊन आली तेव्हा यातले काही जण पॅसेजमध्ये झोपायला गेले, पण आंघोळीला खोलीतल्याच मोरीवर येत. त्यांच्यासाठी तिने डबे सुरू केले. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि डबे एकेक करून बंद पडले. जेवणारे गावी गेले, ते परत आलेच नाहीत. आत्याचे यजमान वॉचमन झाले. खर्चाची तोंडमिळवणी होईना म्हणून पडद्यापलीकडे एक जोडपं पोटभाड्याने ठेवलं. त्यांची मुलगी त्याच खोलीत रांगायला शिकली. पात्रतेच्या यादीत ती कुठून येणार?

अशी माणसं नोंदीत राहूही शकतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला कामगारांची पाठीला पाठ लावलेली घरं होती. जवळजवळ सगळी पाडली. उरलेला एक वाडा नॅशनल ट्रस्टने २००४ साली लोकांसाठी खुला केला. तिथली घरं १८४०, १८७०, १९३० आणि १९७०च्या दशकांतल्या कुटुंबांप्रमाणे मांडली आहेत. शेवटचं दुकान सेंट किट्सहून आलेल्या शिंप्याचं. जुन्या कुटुंबांपुरतं हे जमलं, कारण तिथे शंभर वर्षांनी जनगणनेचे कागद नावानिशी खुले होतात: घरात कोण, कुठला, काय काम करतो, पोटभाडेकरूसुद्धा. आपल्याकडे १९४८चा जनगणना कायदा या नोंदी कोणालाच पाहू देत नाही. माणसाच्या खासगीपणासाठी ते योग्य असेल. पण मग वळकटीवाल्यांची नावं शोधायची कुठे?

गावोगावच्या मुंबईकर मंडळांच्या वर्गणीच्या वह्यांत. खानावळीच्या उधारीत. मनीऑर्डरच्या जपून ठेवलेल्या पोचपावत्यांत. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. सामान हलवताना भांडी मोजून नेतात, देव सांभाळून नेतात. वह्या रद्दीवाल्याला जातात. जुनी चाळ सोडणाऱ्या प्रत्येक घराला माझी हात जोडून विनंती आहे, त्या किलोवर घालू नका. आणि घरात आत्यासारखं कोणी असेल तर त्यांना आजच विचारा, पॅसेजमध्ये कोण कोण झोपायचं.