गल्लीतून हौदापर्यंत

मंठ्याहून औरंगाबादला आपण बायका दोनच कामांसाठी जातो : लग्नाचा बस्ता किंवा दवाखाना. काम उरकले की थेट बसस्टँड. यंदा सिटी चौकातली खरेदी लवकर आटोपली, तशी मुलगी म्हणाली, "अम्मी, आज चालत जाऊ या."

मागच्या गल्ल्यांत समोरून रिक्षा आली की भिंतीला टेकावे लागते. जुने लाकडी दरवाजे, उंबऱ्यावर लसूण सोलणाऱ्या आजी, कुठे आत डोकावणारे अंगण. चालत भडकल दरवाजाशी आलो. हबशाणातून गुलाम म्हणून आणलेल्या मलिक अंबरने तो १६१२ मध्ये बांधला. शहराला नहरीचे पाणीही त्यानेच दिले.

पुढे पाणचक्की. डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेल्या पाण्यावर इथले जाते फिरे, दर्ग्यातल्या फकीर-मुसाफिरांसाठी पीठ निघे. हौदाकाठच्या वडाखाली बायका निवांत बसल्या होत्या.

मुलगी म्हणाली, "आपल्या मोहल्ल्यात असं बसायला जागा कुठे आहे?"

बहिणींनो, प्रश्न खरा आहे. मोठी बाग आपल्या हाती नसेल. पण एक सावलीचे झाड, एक बाक, पाण्याचा एक माठ? सदका-ए-जारिया याहून वेगळा काय असतो?