शर्यत थांबल्यावर

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. जत्रांतील मैदाने ओस पडली, माणसे घरोघर परतली. बैलही आपापल्या गोठ्यात आले. परंतु त्यांतील कित्येकांपुढे अजून दहा-बारा वर्षांचे आयुष्य पडले होते.

शर्यतीचा बैल बहुधा खिल्लार जातीचा. माणदेशाच्या कोरड्या माळावरची ही जात अंगाने पांढरी, शिंगांनी लांब आणि पायांनी चपळ. त्याचे वय दातांवरून ओळखतात. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन कायमचे दात आलेला दुसा, मग चौसा. पळण्यासाठी राखलेल्या बैलाच्या मानेवर सहसा नांगर ठेवीत नाहीत. कडब्याबरोबर त्याला कणीक, उडदाचे पीठ, दूध, अंडीसुद्धा मिळतात. हे प्रेम खोटे नव्हे. पण त्याच बैलाला पळवण्यासाठी चाबूक मारीत, शेपूट पिरगाळीत, हेही खोटे नव्हे.

चीनच्या किनाऱ्यावरील मकाव शहरात 2018 साली कुत्र्यांच्या शर्यतीचे मैदान बंद झाले, तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंड कुत्रे मागे राहिले. प्राणिमित्रांनी त्यांच्यासाठी देशोदेशी घरे शोधली. कुत्रा घराच्या कोपऱ्यात मावतो. बैलाला गोठा हवा, वर्षभराची वैरण हवी आणि काम हवे. 2015 पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीस कायद्याने बंदी आहे. तेव्हा त्याला सांभाळायचे कोणी, हा प्रश्न अखेर शेतकऱ्याच्याच दाराशी येतो.

भोर आणि वेल्ह्याच्या डोंगराळ भागात काम आहे. उतारावरच्या अरुंद भातखाचरांत ट्रॅक्टर वळवणे कठीण. चिखलणीला बैल उपयोगी पडतात. मात्र तेथे हवा सावकाश चालणारा बैल, आणि याला तर शिकवलेले असते एकच, मागून आरोळी आली की झेप घ्यायची! म्हणून त्याला एखाद्या वयस्क, शांत बैलाच्या जोडीला जुंपावे लागते. आधी कोरड्या रानात नुसते जू, मग हलका ओंडका, आणि चिखल सर्वांत शेवटी. हाकणाऱ्याने आवाज चढवायचा नाही. हे काम दिवसांचे नव्हे, महिन्यांचे. खुराक हळूहळू उतरवावा लागतो. कडब्यावर वाढलेले जनावर भाताच्या पेंढ्याला सहजी तोंड लावीत नाही. शिवाय मावळातला पाऊस! गोठ्याची जमीन कोरडी राखली नाही, तर त्याचे खूर दुखावतात.

16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने अटी घालून शर्यतींना पुन्हा परवानगी दिली. 18 मे 2023 च्या निकालाने राज्याचा कायदाही कायम झाला. पण 2014 सालचा दुसा तोवर दहा वर्षांच्या घरात आलेला. मैदानावर नवे बैल उतरले.

चैत्रात जत्रेची हलगी वाजू लागली, की असा म्हातारा बैल उठून उभा राहतो, कान टवकारतो, दाव्याला हिसका देतो. मालक जवळ येऊन त्याच्या वशिंडावर हात ठेवतो. थोड्या वेळाने बैल पुन्हा खाली बसतो आणि रवंथ करू लागतो.